जोडीदारासाठी खिशातला चाकू
घडीचा चाकू भेट द्यायचा, तर आधी जोडीदाराचा खिसा पाहा! सडपातळ चाकूचा उत्तम नमुना म्हणजे फ्रान्सच्या सॅव्हॉय भागातला, १८९० पासून बनणारा ओपिनेल.

• आकार : आठ नंबरचं पातं ८.५ सेंमी. लहान खिशाला किंवा पर्सला सहा नंबर बरा.

• कुलूप : १९५५ साली आलेलं फिरतं कडं पातं अडकवून ठेवतं, बोटं वाचतात.

• पोलाद : कार्बन पोलादाला धार चटकन लागते, पण ते गंजतं. लिंबू-फळं चिरायला आणि दमट हवेला स्टेनलेसच घ्या.

• प्रवास : विमानात केबिन बॅगेत नको, चेक-इन सामानात ठेवा.

• रिवाज : चाकू दिल्याने नातं तुटतं, ही फ्रेंच समजूत. म्हणून घेणाऱ्याने बदल्यात एक नाणं द्यायचं!