गाडी सेकंडहँड, पण रिकॉल तुमचाच!

विंचूर चौफुलीवरून सकाळी निफाड, लासलगाव, नाही तर थेट नाशिकच्या कॉलेजला जाणाऱ्या बाईक बघा. त्यात एखादी तरी सेकंडहँड असणारच. कदाचित तुमचीच! जुनी गाडी घेताना आपण टायर बघतो, अ‍ॅव्हरेज विचारतो, आरसी तपासतो. एक प्रश्न मात्र राहून जातो : या गाडीवर रिकॉल निघालाय का?

रिकॉल म्हणजे कारखान्यातूनच राहिलेला दोष कंपनीने स्वतःच्या खर्चाने दूर करणं. गाडी सर्व्हिस सेंटरला न्यायची आणि दुरुस्त करून घरी आणायची, इतकंच.

मे २०२१ मध्ये रॉयल एनफिल्डने २,३६,९६६ गाड्यांचा रिकॉल जाहीर केला. मिटिऑर, क्लासिक आणि बुलेट ३५०. गाड्या डिसेंबर २०२० ते एप्रिल २०२१ या काळातल्या. दोष होता इग्निशन कॉइलमध्ये. स्पार्क प्लगला ठिणगीसाठी लागणारा करंट हीच कॉइल पुरवते. ती बिघडली की गाडी मिसिंग मारते, पिकअप जातो आणि क्वचित शॉर्टसर्किटही होऊ शकतं. हायवेवर मागून कांद्याचा ट्रक येत असताना गाडी अशी दगा देणं परवडेल का?

इलेक्ट्रिक स्कूटरचंही तेच. एप्रिल २०२२ मध्ये नाशिकमध्ये ४० ई-स्कूटर घेऊन निघालेल्या कंटेनरला आग लागली आणि २० गाड्या जळाल्या. देशभरात अशा घटना गाजत असताना त्याच महिन्यात ओकिनावाने आपल्या ३,२१५ स्कूटर तपासणीसाठी बोलावल्या. बॅटरीचे कनेक्टर सैल आहेत का, हे बघायला.

आता खरी गोम. कंपनीकडे नाव आणि मोबाईल असतो पहिल्या मालकाचा. त्यामुळे रिकॉलचा मेसेज त्याला जातो. तुम्ही मात्र गॅरेजमध्ये पदरचे पैसे घालून प्लग बदलत बसता!

मग करायचं काय?

• आरसीवरचा चेसिस नंबर घ्या. कंपनीच्या वेबसाइटवर, कस्टमर केअरला किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये तो देऊन रिकॉल बाकी आहे का ते विचारा.
• कंपनीकडे तुमचा मोबाईल नंबर नोंदवा.
• रिकॉलच्या कामाचे पैसे मागितले तर देऊ नका. पार्ट आणि मजुरी दोन्ही फुकट असतं.
• काय तपासलं, काय बदललं, हे जॉबकार्डवर लिहून घ्या.

रिकॉल निघालेला नाही, पण दोष कंपनीचाच वाटतोय? १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार, सात वर्षांच्या आतल्या गाडीची तक्रार सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर करता येते. अशा तक्रारी ठरावीक संख्येपर्यंत पोचल्या, की चौकशी होऊन सरकार सक्तीने रिकॉल करायला लावू शकतं. दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत! म्हणून ‘माझ्या एकट्याच्या तक्रारीने काय होणार’ असं म्हणू नका. तुमची तक्रारही त्या आकड्यात मोजली जाते.

तेव्हा आज कॉलेजातून आलात की आधी आरसी काढा.