पैसा कुणाकडून कुणाकडे जातो?

नागपूरच्या गांधीबागेतल्या ठोक दुकानांत सुरतेचा माल उतरतो तेव्हा साड्यांच्या गठ्ठ्यासोबत कॅटलॉगही येतो. पानापानांवर तीच मुलगी, साडी तेवढी वेगळी. दुकानदार आधी कॅटलॉग पुढे सरकवतो, गिऱ्हाईक एखाद्या पानावर बोट ठेवून 'ही काढा' म्हणतं, आणि मग साडी उलगडते. त्यामुळे मॉडेलिंग हा गांधीबाग, महाल, इतवारी या भागाला परका विषय नाही. त्या पानावरचा चेहरा आपल्या पोरीचा का असू नये, असं इथल्या एखाद्या आईला वाटलं तर त्यात वावगं काहीच नाही. ते काम खरं आहे आणि त्याचे पैसेही खरे मिळतात. त्याच्या नावाने होणारी फसवणूक इतकी चालते ती याचमुळे.

फसलेल्या मुलीला 'तुला एवढंही कळलं नाही का' असं विचारणाऱ्यांचा मला राग येतो. हा सापळा भोळ्यांसाठी बांधलेला नसतो. चौकशी करणाऱ्या, हिशेबी माणसालाही टप्प्याटप्प्याने आत घेईल अशीच त्याची बांधणी असते.

ती समजायची तर आधी खरा धंदा कसा चालतो ते पाहू. एखाद्या कापड कंपनीला जाहिरातीसाठी चेहरा हवा असतो. ती जाहिरात संस्थेला किंवा कास्टिंग करणाऱ्याला सांगते, तो मॉडेल एजन्सीकडे चौकशी करतो, एजन्सी आपल्याकडच्या दहा-पंधरा जणांचे फोटो पाठवते. त्यातला एक निवडला जातो. शूट होतं, कंपनी पैसे देते, एजन्सी आपलं कमिशन कापते आणि उरलेली रक्कम मॉडेलला मिळते. हे कमिशन साधारण वीस टक्के किंवा त्याहून थोडं जास्त असतं. कापडबाजारातल्या दलालाचं गणित याहून वेगळं नाही. सौदा झाला तर दलाली. विणकराला 'तुझं कापड व्यापाऱ्याला दाखवतो, त्याचे आधी पैसे दे' असं म्हणणाऱ्या दलालाला गांधीबागेत कुणी गादीवर बसू देणार नाही.

या एका गणितातून पुढचं सगळं निघतं. ज्या एजन्सीची कमाई तुम्हाला काम मिळण्यावर अवलंबून आहे ती चोखंदळ असणारच. ती बहुतेकांना नाही म्हणते. ज्या टोळीची कमाई तुमच्या फीवर आहे तिला कुणालाच नाही म्हणून परवडत नाही. म्हणून तिथे सगळेच 'सिलेक्ट' होतात.

आता एक उदाहरण समजा. चितार ओळीजवळ राहणाऱ्या एका आईने मुलीच्या वाढदिवसाचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकले. दोन दिवसांनी मेसेज येतो: 'मॅम, बेबीचा फेस खूप छान आहे, आमच्या किड्स ब्रँडच्या शूटसाठी शॉर्टलिस्ट केलंय.' सोबत एका नामांकित कंपनीचा लोगो, चार गोड मुलांचे फोटो, एक पत्र. लोगो कुणालाही उतरवता येतो आणि ते फोटो दुसऱ्याच कुणाच्या मुलांचे असतात. एखाद्या हॉटेलच्या हॉलमध्ये किंवा व्हिडिओ कॉलवर ऑडिशन होते. मुलगी दोन मिनिटं बोलते, चालून दाखवते. समोरचे खूश होतात. ही खुशी या धंद्याचं भांडवल आहे, कारण आपल्या लेकराचं कौतुक ऐकलेल्या आईला त्यानंतर आलेली छोटी रक्कम छोटीच वाटते.

पहिली रक्कम नेहमी लहान ठेवतात, नोंदणी म्हणून. ती दिली की नातं बदलतं. आता तुमचं काहीतरी त्यांच्याकडे अडकलेलं असतं. मग पोर्टफोलिओ येतो, आणि तो त्यांच्याच फोटोग्राफरकडून करावा लागतो. मग ग्रूमिंग, पोशाखाचं डिपॉझिट, कराराचा खर्च, 'आर्टिस्ट कार्ड'. प्रत्येक वेळी सांगतात की हा शेवटचा खर्च, पहिल्या शूटच्या मानधनात सगळं वळतं होईल. मानधनाचा आकडा भरलेल्या रकमेच्या कितीतरी पट असतो. आणि घाई असतेच: दोनच जागा उरल्यात, आज संध्याकाळपर्यंत सांगा. इथे माणूस लोभाने पुढे जात नाही. आतापर्यंत भरलेलं वाया जाऊ नये म्हणून तो आणखी भरतो.

त्या 'आर्टिस्ट कार्डा'बद्दल स्पष्ट सांगायला हवं. मॉडेलिंग करण्यासाठी लागणारं कोणतंही सरकारी कार्ड आपल्या देशात नाही. मुंबईत सिने आणि टीव्ही कलाकारांच्या संघटना आहेत, त्यांची सभासदत्वं आहेत. पण कॅटलॉगच्या शूटसाठी त्यांतलं काही विकत घ्यावं लागत नाही. पोर्टफोलिओचंही तसंच. नवख्या मुलीकडून खरी एजन्सी साधे फोटो मागते: मेकअप नाही, खिडकीचा उजेड, मागे कोरी भिंत, समोरून, बाजूने आणि पूर्ण उंचीचा. घरच्या मोबाइलवर भावाने काढले तरी चालतात. पोर्टफोलिओ हवाच असेल तर तो कुठल्या फोटोग्राफरकडून करायचा हे तुम्ही ठरवायचं असतं.

फसवणुकीचा सर्वांत चलाख भाग पावतीत असतो, आणि लोक पावती मिळाली म्हणूनच निर्धास्त होतात. पावतीवर काम देण्याबद्दल एक अक्षर नसतं. 'फोटोग्राफी सेवा' किंवा 'ग्रूमिंग शुल्क' एवढंच लिहिलेलं असतं. कामाची आश्वासनं सगळी तोंडी, फोनवर. सहा महिन्यांनी तुम्ही भांडायला गेलात की ते अल्बम पुढे करतात: फोटोचे पैसे घेतले, फोटो दिले. मग पोलिस ठाण्यातही हा दिवाणी व्यवहार दिसू लागतो. म्हणून बोलणं लेखी घ्यावं. फोनवर काही कबूल केलं की लगेच व्हॉट्सअॅपवर लिहा, 'तुम्ही आत्ता सांगितलं की तीन महिन्यांत दोन शूट नक्की, बरोबर ना?' खरा माणूस उत्तर देतो. खोटा पुन्हा फोन करतो.

कागद तपासण्याच्या बाबतीत गांधीबागेतला माणूस इतरांपेक्षा पुढे आहे, कारण इथल्या प्रत्येक दुकानात जीएसटीचं काम पाहणारं कुणीतरी असतंच. एजन्सीने बिल दिलं असेल तर त्यावरचा जीएसटी क्रमांक पाहा. तो पंधरा अक्षर-अंकांचा असतो, पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकला की नोंदणी कुणाच्या नावाने, कधीची, हे फुकट दिसतं. दहा वर्षं जुनी म्हणवणारी एजन्सी तिथे चार महिन्यांची निघाली तर उत्तर मिळालं. कंपनी असेल तर केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तिची मूलभूत माहिती सापडते. यूपीआयने पैसे पाठवताना पडद्यावर येणारं नाव वाचा; 'मुंबईच्या एजन्सी'ऐवजी भलत्याच माणसाचं वैयक्तिक खातं उघडलं तर तिथेच थांबा. मात्र हेही लक्षात ठेवा की नोंदणी किंवा गुमास्ता परवाना दुकान असल्याचं सांगतो, दुकानदार सचोटीचा असल्याचं नाही. सगळ्यांत खात्रीची तपासणी म्हणजे ज्या ब्रँडचं नाव घेतलं त्या ब्रँडला, त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून क्रमांक घेऊन, थेट विचारणं. मोठ्या नावांचा असा वापर इतका होतो की जुलै २०२३ मध्ये सलमान खान यांच्या निर्मितीसंस्थेला, आपण कुठलंही कास्टिंग करत नाही, असं जाहीर निवेदन काढावं लागलं.

मूल लहान असेल तर पालकांच्या हातात आणखी एक भक्कम प्रश्न आहे, आणि तो फार थोड्या जणांना ठाऊक असतो. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि २०१७ मध्ये नियम बदलले. त्यानुसार मुलाला जाहिरातीत किंवा व्यावसायिक कार्यक्रमात घ्यायचं तर जिथे शूट होणार त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्याने काढावी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि मिळकतीतला किमान वीस टक्के भाग मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकायचा. तेव्हा शांतपणे विचारा: जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी कोण काढतंय, तिची प्रत केव्हा मिळेल? ज्यांना खरंच शूट करायचं आहे त्यांना हा कागद लागणारच असतो.

मुलांच्या मॉडेलिंगचा टेलिग्रामवरचा प्रकार याहून वेगळा चालतो. तिथे फी मागत नाहीत. पालकांना एका ग्रुपमध्ये घेतात आणि सांगतात, मुलाची निवड पक्की करायची तर ब्रँडच्या वस्तूंची 'ऑर्डर' नोंदवा, पैसे नफ्यासह परत मिळतील. पहिल्या एक-दोन वेळा ते खरंच परत येतात. ग्रुपमधले बाकीचे 'पालक' आपापल्या नफ्याचे स्क्रीनशॉट टाकत असतात. ते टोळीचेच लोक. मग मोठी रक्कम अडकते आणि ती सोडवण्यासाठी त्याहून मोठी मागतात. या सगळ्यात मुलाचा फोटो कुणी पुन्हा पाहतसुद्धा नाही.

पैसे गेले तर भरून काढता येतात. याहून वाईट प्रकार शरीराच्या फोटोंचा. 'मापं दिसायला हवीत' म्हणून कमी कपड्यांतले फोटो मागायचे, रात्री उशिरा एकटीची व्हिडिओ ऑडिशन घ्यायची, ती नकळत रेकॉर्ड करायची, आणि मग धमकी. मापं इंचात लिहून देता येतात. एवढं वाक्य घरातल्या प्रत्येक मुलीला माहीत असावं. फेब्रुवारी २०२१ मध्ये मुंबई गुन्हे शाखेने मढ बेटावरच्या एका बंगल्यावर छापा घातला. नवख्या मुलींना वेब सीरिजमध्ये काम देतो म्हणून बोलावलं आणि अश्लील चित्रीकरणाला भाग पाडलं, असे आरोप त्या प्रकरणात झाले. अमेरिकेत सॅन डिएगोमध्ये 'कपड्यांसह मॉडेलिंग' अशा जाहिराती देऊन मुलींना बोलावलं जाई. तिथल्या बावीस जणींनी एकत्र दावा लढवला आणि जानेवारी २०२० मध्ये न्यायालयाने त्यांना सव्वा कोटी डॉलरहून अधिक भरपाई मंजूर केली. त्यांची बाजू न्यायालयात टिकली कारण प्रत्येकीला सांगितलेली खोटी गोष्ट एकाच साच्यातली होती. म्हणून आपल्यासारखी आणखी कुणी आहे का, हे शोधणं फार मोलाचं असतं.

प्रत्यक्ष ऑडिशनला बोलावलं तर सोबत कुणीतरी हवंच, आणि 'सोबत कुणी आणू नका' म्हणणाऱ्याकडे जायचंच नाही. जागा हॉटेलची खोली असेल तर नाही.

पैसे गेलेच, तर पहिले काही तास सर्वांत महत्त्वाचे. १९३० वर फोन करा, मग केंद्राच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. घाई यासाठी की पैसा भाड्याने घेतलेल्या खात्यांतून झपाट्याने पुढे सरकत जातो. तो एखाद्या खात्यात थांबलेला असतानाच बँकेला गोठवता येतो. यूपीआयचा बारा अंकी व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. चॅट पुसू नका, समोरच्याला ब्लॉक करण्याआधी त्याचा नंबर आणि प्रोफाइल दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या. ठाण्यात 'हे आमच्या हद्दीत येत नाही' असं ऐकावं लागलं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगा. हद्द कुठलीही असो, शून्य एफआयआर नोंदवावाच लागतो. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. अल्बम देऊन हात वर करणाऱ्या एजन्सीविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगातही जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची.

फोटोंवरून धमकी येत असेल तर एक रुपयाही देऊ नका, कारण पैसे देणारी व्यक्ती त्यांच्या यादीत वर जाते. महिला आणि मुलांविरुद्धच्या अशा गुन्ह्यांची तक्रार त्याच पोर्टलवर नाव न सांगताही करता येते. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार असे खासगी फोटो तक्रारीनंतर ठरावीक तासांत काढणं समाजमाध्यम कंपन्यांना बंधनकारक आहे. मुलगी अठराच्या आतली असेल तर मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा पॉक्सो कायदा लागू होतो आणि १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहे. घरच्यांनी त्या रात्री तिच्याजवळ बसावं, प्रश्न नंतर विचारावेत.

तक्रारीनंतर काही दिवसांनी आणखी एक फोन येऊ शकतो. बोलणारा स्वतःला सायबर अधिकारी किंवा वकील म्हणवतो, तुमची गेलेली रक्कम आकड्यासह सांगतो, आणि ती सोडवण्यासाठी 'प्रोसेसिंग फी' किंवा ओटीपी मागतो. आकडा त्याला ठाऊक असतो कारण फसलेल्यांच्या याद्या या टोळ्या एकमेकांना विकतात. गोठवलेली रक्कम परत मिळते ती न्यायालयाच्या किंवा पोलिसांच्या आदेशाने, बँकेमार्फत. त्यासाठी कुणाला फी द्यावी लागत नाही, आणि ओटीपी तर कुठल्याच टप्प्यावर लागत नाही.