१०-१० आणि तरी नंबर एक!

एका बॉलरच्या नावावर सीझनभरात १० विजय आणि १० पराभव आहेत. त्याला वर्षातला सर्वोत्तम बॉलर म्हणाल का? अमेरिकेत म्हणाले, आणि तेही एकमताने. पिट्सबर्ग पायरेट्सच्या पॉल स्कीन्सला २०२५ चं नॅशनल लीगचं साय यंग अवॉर्ड मिळालं. बेसबॉलमध्ये पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, वर्षभराच्या कामगिरीसाठी याहून मोठा मान नाही.

आमच्या विंगमध्ये फँटसी बेसबॉलची एक लीग चालते. (पैसे लावत नाही, हरणारा चहा पाजतो. रेक्टर सरांनी नोंद घ्यावी!) स्कीन्स ज्याच्या टीममध्ये होता तो मेकॅनिकलचा पठ्ठ्या सहा महिने कुरकुरत होता, की "नुसता ईआरए घेऊन काय चाटायचाय? विन कुठे आहेत?" त्याची तक्रार खोटी नव्हती, पण अर्धीच खरी होती. ती कुठपर्यंत खरी, एवढंच या लेखात सांगायचं आहे.

आधी थोडे नियम. हा उद्योग १९८० चा. न्यूयॉर्कमध्ये 'ला रोटिसरी फ्रान्सेज' नावाचं हॉटेल होतं. तिथे जमणाऱ्या डॅनियल ओक्रेंट आणि मित्रमंडळींनी हा खेळ सुरू केला, म्हणून त्याला अजूनही 'रोटिसरी' म्हणतात. खरे खेळाडू आपापसात वाटून घ्यायचे, मग ते मैदानावर जे करतील ते तुमच्या खात्यात जमा. पिचरसाठी सहसा पाच खाती असतात: विन, सेव्ह, स्ट्राइकआउट, ईआरए आणि व्हिप. ईआरए म्हणजे दर नऊ इनिंगमागे पिचरच्या माथी पडलेल्या रन, फिल्डरच्या चुकांमुळे गेलेल्या वगळून. व्हिप म्हणजे दर इनिंगला त्याने किती जणांना हिट किंवा वॉक देऊन बेसवर पोचू दिलं. ही दोन्ही जितकी कमी तितकी चांगली. (आणि कुठे १८७.२ इनिंग असं दिसलं तर तसंच कॅल्क्युलेटरमध्ये ठोकू नका. पॉइंटनंतरचा आकडा आउटचा आहे. १८७ इनिंग आणि वर २ आउट. आपल्या १९.४ ओव्हरसारखंच.)

आता विन. सुरुवात करणाऱ्या पिचरला विन मिळायला तीन गोष्टी लागतात. त्याने निदान पाच इनिंग टाकायला हव्यात, तो मैदान सोडताना टीम पुढे हवी, आणि नंतर येणाऱ्यांनी ती आघाडी शेवटपर्यंत टिकवायला हवी. यातली पहिली गोष्ट त्याच्या हातातली, दुसरी अर्धी त्याच्या बॅटरांच्या हातातली, तिसरीशी त्याचा काही संबंधच नाही, कारण तेव्हा तो बाकावर बसलेला असतो. ग्रुप प्रोजेक्टमध्ये आपण कोड लिहायचा आणि रिपोर्ट दुसऱ्याने बुडवायचा, तसलाच प्रकार. स्कीन्सने २०२५ मध्ये १८७.२ इनिंगमध्ये १.९७ ईआरए राखला आणि २१६ स्ट्राइकआउट घेतले. त्याच वर्षी न्यूयॉर्क यांकीजच्या मॅक्स फ्राइडने २.८६ ईआरएवर १९ विन घेतले. फ्राइड चांगलाच पिचर आहे, वाद नाही. पण त्याच्यामागे त्या वर्षी सर्वाधिक रन करणारी टीम होती, आणि स्कीन्समागे ९१ मॅच हरलेली पायरेट्स. जेकब डिग्रॉमचं २०१८ साल तर याहून भारी: ईआरए १.७०, विन फक्त १०, आणि साय यंग त्यालाच.

(जाता जाता: रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भारतीय पोरांना २००८ मध्ये पिचर म्हणून करारबद्ध केलं ते याच पायरेट्सनी. दोघेही मेजर लीगपर्यंत पोचले नाहीत.)

म्हणजे मेकॅनिकलवाल्याचं म्हणणं इथवर बरोबर, की विनला गुण असतात आणि स्कीन्सने ते कमी दिले. पण पुढच्या वर्षी कोणाला घ्यायचं हे ठरवताना गेल्या वर्षीचे विन बघणं म्हणजे सिग्नल सोडून नॉइज मोजणं.

मग ईआरए बघायचा? तो बरा, पण तोही दिसतो तितका साधा नाही. इथली गंमत मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडते. वोरोस मॅक्क्रॅकन नावाच्या एका हौशी अभ्यासकाने २००१ मध्ये एक मुद्दा मांडला. स्ट्राइकआउट, वॉक आणि होमरन यांत फिल्डरचं काही काम नसतं, ते पिचर आणि बॅटर यांच्यातलं प्रकरण. बाकी जे फटके मैदानात पडतात, त्यांतले किती हिट होतात आणि किती फिल्डरच्या हातात जातात, यावर पिचरचा ताबा आपण समजतो त्याहून फारच कमी असतो. अशा शंभर फटक्यांतले साधारण तीस हिट होतात, पिचर थोर असो वा सुमार. लोकांनी आधी वेड्यात काढलं. पण आकडे बघा. पेड्रो मार्टिनेझ हा त्या काळातला बाप पिचर. १९९९ मध्ये त्याच्याविरुद्धच्या अशा फटक्यांतले सुमारे साडेबत्तीस टक्के हिट झाले, आणि २००० मध्ये चोवीस टक्केसुद्धा नाहीत! माणूस तोच, हात तोच. १९९९ मध्ये त्याने ३१३ स्ट्राइकआउट घेतले होते, तरी ईआरए २.०७ होता. २००० मध्ये स्ट्राइकआउट घटून २८४ झाले आणि ईआरए १.७४ वर उतरला. मॅक्क्रॅकनचा मुद्दा पुढे थोडा सौम्य झाला, कारण काही पिचर फटके कमजोर पाडू शकतात हे दिसलं. गाभा मात्र टिकला.

त्यातूनच एफआयपी नावाचा आकडा निघाला. स्ट्राइकआउट, वॉक, चेंडू अंगावर लागून दिलेले बेस आणि होमरन एवढ्यावरच तो काढतात, आणि ईआरएच्याच मापात बसवतात. एखाद्याचा ईआरए एफआयपीपेक्षा बराच खाली असेल तर नशीब किंवा फिल्डर त्याला हात देत आहेत असा संशय घ्यायचा, वर असेल तर उलटा. माझा स्वतःचा नियम याहूनही आळशी आहे: स्ट्राइकआउट आणि वॉक शेजारी ठेवायचे, बस्स. डेट्रॉइटच्या तारिक स्कुबालने २०२५ मध्ये २४१ स्ट्राइकआउट घेतले आणि वॉक दिले ३३. असा माणूस एखाद्या महिन्यात मार खाल्ला म्हणून कोणी विकायला काढला तर डोळे मिटून घ्यावा. पाच-सहा मॅचचा ईआरए म्हणजे तीसएक इनिंग. एका खराब संध्याकाळी सहा रन गेल्या की तो एकट्या त्या संध्याकाळीने दोनच्या जवळपास वर चढतो.

सेव्हबद्दल थोडक्यात. शेवटच्या इनिंगमध्ये आघाडी राखणाऱ्याला सेव्ह मिळतो. तिथे कौशल्याइतकीच खुर्चीला किंमत, आणि खुर्ची कधीही जाते. क्लीव्हलंडच्या इमॅन्युएल क्लासेने २०२४ मध्ये ४७ सेव्ह आणि ०.६१ ईआरए अशी थक्क करणारी कामगिरी केली. २०२५ च्या जुलैअखेर बेटिंगच्या चौकशीपायी त्याला रजेवर पाठवलं आणि त्या सीझनपुरती त्याची फँटसी किंमत रातोरात शून्य झाली. नोव्हेंबरमध्ये त्याच्यावर आरोपपत्र आलं, त्याने आरोप नाकारले. सेव्हवर म्हणून मी कधीच फार खर्च करत नाही.

एवढं ऐकल्यावर वाटेल, सोपं आहे, जास्त स्ट्राइकआउटवाले उचलायचे. खरी अडचण इथेच सुरू होते. स्ट्राइकआउट बहुतेक वेगातून येतात, आणि वेग कोपरातून जातो. जोरदार पिच टाकताना कोपरावर सुमारे ६४ न्यूटन-मीटर टॉर्क येतो हे १९९५ मध्येच मोजलं गेलं. कोपराच्या आतल्या बाजूचा लिगामेंट प्रयोगशाळेत साधारण त्याच्या निम्म्या टॉर्कला तुटतो. उरलेला भार आजूबाजूचे स्नायू झेलतात म्हणून प्रत्येक चेंडूला अपघात होत नाही, एवढंच. फॅक्टर ऑफ सेफ्टी काढून बघा! असलं डिझाइन व्हायवात सांगितलं तर एक्स्टर्नल आपल्याला बाहेर काढतील. तो लिगामेंट गेला की दुसरीकडचा टेंडन काढून तिथे बसवतात. ही शस्त्रक्रिया डॉक्टर फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये प्रथम टॉमी जॉन या पिचरवर केली आणि पेशंटचंच नाव तिला पडलं. सावरायला वर्ष-सव्वा वर्ष जातं. मेजर लीगने डिसेंबर २०२४ मध्ये दुखापतींवर अहवाल काढला, त्यातही बोट होतं ते वेगाच्या हव्यासाकडेच. २००८ मध्ये सरासरी फास्टबॉल ताशी ९१.३ मैल होता, २०२४ मध्ये ९४.२.

आणि या हव्यासाला टीमचे मालक पैसे देतात तसे आपण फुकटे मालकही गुण देतो. डिग्रॉम २०२१ मध्ये सरासरी ९९ मैलांनी, म्हणजे जवळपास १६० किलोमीटरने टाकत होता. ९२ इनिंग, १४६ स्ट्राइकआउट, ईआरए १.०८! जुलैनंतर त्या वर्षी तो मैदानात दिसलाच नाही. २०२३ मध्ये सहा मॅचनंतर कोपराची शस्त्रक्रिया. २०२५ मध्ये मात्र त्याने ३० मॅच टाकल्या, ईआरए २.९७. फँटसीत हे २.९७ त्या १.०८ पेक्षा जास्त उपयोगाचं, कारण ते १७२ इनिंगवर पसरलेलं आहे आणि तुमच्या पूर्ण टीमचा ईआरए खाली ओढतं.

अटलांटाच्या स्पेन्सर स्ट्रायडरचं काय करायचं, यावर मात्र आमच्या विंगमध्ये अजून एकमत नाही. २०२३ मध्ये त्याचा ईआरए ३.८६ होता आणि एफआयपी २.८५. म्हणजे आपल्या नियमाने तो दिसतो त्याहून चांगला, शिवाय २० विन आणि २८१ स्ट्राइकआउट, दोन्हींत मेजर लीगमध्ये पहिला. २०२४ मध्ये दोन मॅच टाकून कोपर गेलं. २०२५ मध्ये परत आला तेव्हा फास्टबॉल दीड-दोन मैलांनी उतरलेला, ७ विन, १४ पराभव, ईआरए ४.४५. मेकॅनिकलवाला म्हणतो, १४ पराभव बघून सगळे घाबरतील, स्वस्तात मिळेल. मी म्हणतो, पराभव सोड, ते दोन मैल परत येतात का ते आधी बघ.