दुसरा वस्ताद

टोकियोतल्या एइशोजी या बौद्ध मंदिरात १८८२ साली जिगोरो कानो नावाच्या एकवीस वर्षांच्या तरुणाने १२ चटयांच्या जागेत तालीम सुरू केली. पहिल्या वर्षी शिष्य मिळाले अवघे ९. त्यांच्या आपटाआपटीने मंदिर हादरे, पूर्वजांच्या नावांच्या पाट्या कोलमडत, जमिनीच्या फळ्या मोडत; मग कानो स्वतः खाली शिरून डागडुजी करत. कोडोकान ही संस्था आणि ज्युदो हा खेळ उभा राहिला तो या उसन्या जागेत.

बुलढाणा, खामगाव किंवा मेहकरमध्ये आज कुणी ज्युदोचा क्लब काढायचा म्हटला, तर पहिली अडचण तीच : जागा. स्पर्धेचा आखाडा कमीत कमी ८ बाय ८ मीटरचा लागतो, त्याभोवती सुरक्षेसाठी मोकळी मॅट वेगळी. सरावाला याहून लहान जागा चालते, पण मॅट हवीच. कारण ज्युदोत पहिला धडा पाडण्याचा नसतो, पडण्याचा असतो. हनुवटी छातीला लावून, हाताने मॅटवर थाप मारत, डोके वाचवून पडायचे. हे अंगात मुरेपर्यंत चांगला प्रशिक्षक डाव शिकवायला घेत नाही.

वऱ्हाडात कुस्तीची ओढ जुनी, त्यामुळे डाव समजायला वेळ लागत नाही. धोबीपछाड पाहिलेल्याला ज्युदोतला ‘सेओइ नागे’ ओळखीचा वाटतो. फरक पकडीत आहे. पैलवान अंगाला भिडतो, ज्युदोपटू जाड सुती जॅकेटची कॉलर आणि बाही धरतो. प्रतिस्पर्ध्याला जोरात, वेगाने आणि नियंत्रणाने पाठीवर टाकले की ‘इप्पोन’, म्हणजे लढत तिथेच संपली. पाठीवर २० सेकंद दाबून ठेवले, गळा आवळून किंवा कोपराला पीळ देऊन शरण आणले, तरीही इप्पोनच. पायाला हात घालून पाडणे मात्र आता नियमबाह्य आहे. तालमीतून आलेल्या मुलाला ही सवय मोडायला बराच वेळ द्यावा लागतो.

जागा झाली, मॅट आली, मुले जमली. पुढे काय होते, याची एक गोष्ट भारतातच घडून गेली आहे.

रवींद्रनाथ टागोरांनी १९०५ मध्ये जिन्नोसुके सानो या जपानी शिक्षकाला शांतिनिकेतनात आणले. पुढे १९२९ मध्ये शिंझो ताकागाकी हे कोडोकानचे नामवंत ज्युदोपटू तिथे आले. मुलांबरोबर मुलीही शिकल्या. अमर्त्य सेन यांच्या आई अमिता सेन त्यांपैकी एक. त्या काळात मुलींनी ज्युदो खेळणे हीच मोठी बातमी होती. पण ताकागाकी गेले आणि वर्गाचा जोर ओसरला. टागोरांचा पाठिंबा होता, विद्यार्थी होते, जागा होती. ताकागाकींच्या जागी उभा राहून रोज वर्ग घेणारा माणूस तेवढा तयार झालेला नव्हता. देशात राष्ट्रीय ज्युदो स्पर्धा सुरू व्हायला १९६६ साल उजाडले आणि सोल येथील १९८६ च्या आशियाई स्पर्धेत भारताने या खेळात चार कांस्यपदके मिळवली.

याच्या उलट उदाहरण बुलढाण्याच्याच विभागात, अमरावतीत आहे. अंबादासपंत आणि अनंत वैद्य या भावांनी १९१४ मध्ये तिथे आखाडा काढला. तोच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाला. क्रांतिकारक राजगुरूंनी इथे व्यायामाचे धडे घेतले. वैद्य बंधूंनी पैलवान घडवले, पण त्याहून मोठे काम म्हणजे शिक्षक घडवले. उन्हाळी वर्गांत ठिकठिकाणचे तरुण येत, लाठी, मल्लखांब, कवायत शिकत आणि आपापल्या गावी जाऊन शिकवत. शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय त्याच वाटेवर निघाले.

बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी, १९३६ मध्ये, मंडळाच्या पथकाने तिथे कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. योगायोग असा, की त्याच वेळी कानोही बर्लिनमध्ये होते, १९४० चे ऑलिंपिक टोकियोला मिळावे यासाठी. तेही मूळचे शिक्षकच. शिक्षक घडवणाऱ्या टोकियोतल्या मोठ्या संस्थेचे प्राचार्यपद त्यांनी वीसहून अधिक वर्षे सांभाळले. ज्युदो जगभर गेला तो त्यांच्या शिष्यांच्या पायांनी.

बुलढाण्यात एखाद्या प्रशिक्षकाच्या बळावर खेळ रुजू शकतो का? दुसऱ्या एका खेळात ते घडले आहे. प्रशिक्षक चंद्रकांत इलग यांच्याकडे धनुर्विद्या शिकलेल्या, बुलढाणा पोलीस दलातल्या मोनाली जाधव यांनी २०१९ मध्ये चीनमधल्या चेंगदूच्या जागतिक पोलीस क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. बुलढाण्याच्याच प्रथमेश जावकरने मे २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषकात नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला १४९-१४८ असे एका गुणाने हरवले, आणि त्याच वर्षी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत ओजस देवतळे आणि अभिषेक वर्मा यांच्यासोबत सांघिक सुवर्ण मिळवले. या जिल्हा मुख्यालयात एक प्रशिक्षक वर्षानुवर्षे टिकून राहिला, त्याचे हे फळ.

ज्युदोसाठी शिडी तयार आहे. शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट आहेत, जिल्ह्यातून अमरावती विभागात आणि तिथून राज्यावर जाता येते. दहावी-बारावीचे वाढीव गुण आणि शासकीय नोकरीतले ५ टक्के खेळाडू आरक्षण यांमुळे पालकही नकार देत नाहीत. पण नोकरी लागली की खेळाडू गाव सोडतो, आणि क्लब पुन्हा पहिल्या वस्तादावर येतो.

म्हणून क्लबच्या जमाखर्चात मॅट आणि ज्युदोगी या पोशाखाच्या शेजारी आणखी एक रक्कम मांडायला हवी : दर काही वर्षांनी एका मुलाला किंवा मुलीला अमरावतीला शारीरिक शिक्षणाच्या पदवीसाठी, नाहीतर पटियालाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षकाच्या पदविकेसाठी पाठवण्याची, आणि परत आल्यावर त्यांना गावातच पगारावर ठेवण्याची.