छाप पाडणारं इंग्रजी आणि नात्याची मुलं

महाडहून रायगडाकडे निघालं की वाटेत नाते गाव लागतं. १४ जानेवारी १८९६ रोजी चिंतामणराव देशमुख इथे जन्मले. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, देशाचे अर्थमंत्री झाले. महाडच्या औद्योगिक वसाहतीत मुलाखतीला निघालेल्या मुलाला आजही त्यांचंच उदाहरण दिलं जातं. त्याच्या मागोमाग सल्लाही येतो: भारी भारी शब्द पाठ कर, बोलण्यात जोश आण, इंग्रजीची छाप पडली पाहिजे. सल्ला मायेचा असतो. पण तो ऐकून मुलं घाबरतात आणि मुलाखतीत गप्प बसतात, म्हणून त्यातल्या समजुती तपासून पाहायला हव्यात.

आधी देशमुखांबद्दलच. त्यांच्यासारखं इंग्रजी हवं तर मराठी मागे टाकावी लागते, असं पुष्कळ पालक मानतात. खुद्द देशमुख १९१२ साली मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले आले, आणि त्यांना शिष्यवृत्ती मिळाली ती संस्कृतसाठी, जगन्नाथ शंकरशेट यांच्या नावाची. मग केंब्रिजला वनस्पतिशास्त्र, १९१८ साली आयसीएस परीक्षेत पहिला क्रमांक, आणि पुढे कालिदासाच्या मेघदूताचा मराठी अनुवाद. त्या काळी हायस्कुलाच्या वरच्या इयत्तांत इंग्रजीतूनच शिकवत, म्हणून आजच्या माध्यमाच्या वादात त्यांना कुणाच्याही बाजूने ओढू नये. एवढं मात्र दिसतं की एका भाषेत शब्द पारखून घेणारा माणूस दुसऱ्या भाषेतही ते पारखूनच घेतो.

आता जोश आणि छाप या ज्या दोन गुणांच्या मागे सगळे लागलेत, त्यांचे इंग्रजी शब्दच बघू. ‘एन्थुझिअॅझम’ हा मूळचा ग्रीक. त्याचा अर्थ देव आत शिरणं. आपल्याकडे त्याला अंगात येणं म्हणतात, आणि शिमग्याच्या पालखीपुढे ते पाहिलेल्या माणसाला हा शब्द वेगळा समजवावा लागत नाही. सतराव्या शतकातल्या इंग्लंडात तर ही जवळजवळ शिवी होती, धर्माच्या नावाने भान हरपलेल्यांना दिलेली. ‘करिझ्मा’ही ग्रीकच: कृपेने मिळालेली देणगी. माक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञाने त्याला नेतृत्वाशी जोडलं. दोन्ही शब्दांच्या मुळाशी माणसाच्या आत उतरलेलं काहीतरी आहे. ‘ऑसम’, ‘अमेझिंग’, ‘व्हेरी व्हेरी नाइस’ वरून शिंपडून ते येत नाही. प्रत्येक वाक्यात ‘अमेझिंग’ आलं की तिसऱ्या वाक्यापासून ऐकणारा ते ऐकतच नाही.

उत्साह नेमका जिथे अडतो ती जागा शब्दकोशात सापडत नाही, ती वाक्याच्या रचनेत आहे. मराठीत भावना माणसाकडे चालत येते. मला आनंद झाला, मला भीती वाटली, मला आवड आहे. इंग्रजीत माणूस स्वतः पुढे येऊन उभा राहतो: ‘आय एन्जॉय’, ‘आय लाइक’, ‘आय अॅम इंटरेस्टेड’. हा फरक कुणी समजावून दिलेला नसतो, म्हणून मुलगा मुलाखतीत सांगतो, ‘आय अॅम व्हेरी इंटरेस्टिंग इन केमिस्ट्री’. त्याला म्हणायचं असतं की मला रसायनशास्त्रात रस आहे. बोलून बसतो की मी फार रंजक माणूस आहे. नियम छोटा आहे. ज्याला वाटतं तो ‘इंटरेस्टेड’, ज्यामुळे वाटतं ते ‘इंटरेस्टिंग’. ‘एक्सायटेड’ आणि ‘एक्सायटिंग’, ‘बोअर्ड’ आणि ‘बोअरिंग’ यांचंही तसंच. ही एक गाठ सुटली तर पन्नास नव्या विशेषणांपेक्षा जास्त फायदा होतो, असं माझं मत आहे.

पण शब्द किती हवेत? लोकांना वाटतं, दहा-वीस हजार तरी. मायकेल वेस्ट या इंग्रज शिक्षणतज्ज्ञाने ढाक्याला शिक्षकांच्या महाविद्यालयात काम करताना बंगाली मुलांसाठी मोजक्या शब्दांची पुस्तकं तयार केली. १९५३ साली त्याची सुमारे २,००० शब्दांची यादी प्रसिद्ध झाली, आणि रोजच्या इंग्रजीचा फार मोठा भाग त्या शब्दांतच मावतो. यातले कितीतरी शब्द आपल्या मुलांना दहावीपर्यंत ओळखीचे झालेले असतात. ते तोंडात आलेले नसतात, एवढंच.

याद्या घोकून ते तोंडात येत नाहीत. शब्द जोडीने वावरतो. आपला पाऊस मुसळधार असतो, मोठा नव्हे. इंग्रजांचा ‘हेवी’ असतो, ‘बिग’ नव्हे. आपला चहा कडक, त्यांचा ‘स्ट्राँग’. म्हणून शब्द टिपताना त्याचा जोडीदारही टिपावा, आणि त्याच दिवशी स्वतःच्या आयुष्यातलं एक खरं वाक्य त्यात करावं. जुलै २०२१ च्या पुराबद्दल महाडच्या माणसाने ‘डिव्हास्टेटिंग’ म्हटलं तर ते कुठल्याही पुराचं वर्णन होतं. पाणी कोणत्या पायरीपर्यंत चढलं, रात्र कुणाच्या माळ्यावर काढली, हे साध्या क्रियापदांत सांगितलं तर ऐकणाऱ्याचा श्वास थांबतो.

काही क्लासमध्ये सांगतात की बोलण्यात शब्दांचं महत्त्व सातच टक्के, बाकी आवाज आणि हावभाव. हा आकडा आल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतून आला. ते प्रयोग आवडनिवड व्यक्त करण्यापुरते होते: शब्द एक सांगतो आणि चेहरा दुसरंच, तेव्हा माणूस कशावर विश्वास ठेवतो? सगळ्या संभाषणाला हा आकडा लावू नका, असं त्यांनी स्वतःच पुढे सांगितलं. मशीन कशामुळे बंद पडलं हे सांगताना शब्दच कामाला येतात.

उच्चार साहेबासारखा असावा, हा आग्रहही सोडावा. जेनिफर जेन्किन्स या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी २००० साली दाखवलं की वेगवेगळ्या देशांतले लोक इंग्रजीतून बोलतात तेव्हा ‘थिंक’मधला ‘थ’ इंग्रजी वळणाचा नसला तरी अडत नाही. अडतं ते ऱ्हस्व-दीर्घात, ‘शिप’ आणि ‘शीप’ एक झाले की, आणि वाक्यातला महत्त्वाचा शब्द दाबून बोलला नाही की. मराठीत आपण सगळी अक्षरं जवळपास सारख्या वजनाने म्हणतो. आपलं इंग्रजी सपाट वाटतं ते त्यामुळे. ‘आय रिअली लाइक धिस वर्क’ या वाक्यात ‘रिअली’वर जोर दिला की उत्साह ऐकू येतो, दुसरा शब्द शोधावा लागत नाही.

सरावासाठी दूर जायला नको. रायगड पाहायला परप्रांतातले लोक येतात, कधी परदेशातलेही. त्यांना हिरकणीची गोष्ट सांगून पाहा. ती दूध विकायला गडावर आली. संध्याकाळी दरवाजे बंद झाले. घरी तान्हं बाळ होतं. अंधारात ती कडा उतरली. मिल्क, गेट, बेबी, डार्क, क्लाइम्ब. सगळे शाळेतलेच शब्द. ‘बेबी’वर क्षणभर थांबा, आणि तिच्या नावाच्या बुरुजाकडे बोट दाखवा.