डेंग्यूची अळी, लाल रंग आणि चांदीचे कण

जळगाव-धुळ्याच्या आपल्या वस्त्यांत नळाला रोज पाणी येत नाही. म्हणून घरोघरी ड्रम, रांजण, हौद भरून ठेवावे लागतात. त्याच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा एडिस डास अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास उडू लागतात.

या अळीवर जळगावच्याच उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात संशोधन झाले आहे. सेराशिया नावाचा जीवाणू 'प्रॉडिजिओसिन' हा लाल रंग तयार करतो. संशोधकांनी तो वेगळा काढून एडिस आणि हिवतापाच्या ॲनोफेलिस डासांच्या अळ्यांवर वापरला, तेव्हा अळ्या मेल्या. हे काम २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. पाठोपाठ तिथेच चाफ्याच्या आणि उतरणीच्या चिकापासून चांदीचे नॅनोकण बनवून तेही अळ्यांवर तपासले गेले. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. हे कण इतक्या बारीक मापाने मोजतात.

कण बनतात कसे? सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात पातळ केलेला चीक घातला, की त्यातले घटक विरघळलेल्या चांदीचे कण करतात आणि पाणी तपकिरी होते. नैसर्गिक रंगही हे काम करतात. केसांना काळेपणा देतो त्या मेलॅनिन जातीच्या रंगापासून पुणे विद्यापीठात चांदी-सोन्याचे कण बनवले गेले.

चांदीचे कण असलेल्या पट्ट्या भाजलेल्या जखमांवर वापरतात. गर्भ तपासणीच्या पट्टीवर उमटणारी लाल रेघ बहुतेक वेळा सोन्याच्या नॅनोकणांचीच असते.

पण प्रयोगशाळेत अळी मेली म्हणजे औषध आपल्या ड्रमात टाकण्याजोगे झाले, असे नाही. 'नॅनो चांदी'ची बाटली कोणी विकायला आणली तर घेऊ नका, पिऊ तर मुळीच नका. चांदी शरीरात साठून कातडी कायमची निळसर-राखाडी पडू शकते.

आपण आजच हे करू या:

• आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून आतून घासावीत. अंडी कडेला चिकटून सुकी राहिली तरी महिनोन् महिने टिकतात.
• ड्रमला घट्ट झाकण किंवा कापड बांधावे. हौदात गप्पी मासे सोडावेत.
• ताप आल्यास पॅरासिटामॉल चालते. ॲस्पिरिन, ब्रुफेन नको. पोटात जोराचे दुखणे, सतत उलट्या, रक्तस्राव दिसला तर, ताप उतरलेला असला तरी, रुग्णाला लगेच सरकारी दवाखान्यात न्यावे.

आणि पाणी वेळेवर मिळावे, साठवावे लागू नये, ही मागणी वस्तीतल्या महिलांनी एकत्र जाऊन महापालिकेत लेखी द्यावी. अर्जाची पोच घ्यायला विसरू नये.