मधुमेहातील धान्यविचार : नावापेक्षा मात्रा महत्त्वाची

निमोणे परिसरातील मधुमेही रुग्णांकडून आम्हाला एक वाक्य वारंवार ऐकावयास मिळते : "डॉक्टरसाहेब, साखर सोडली, भात सोडला, आता नुसती भाकरीच खातो." तरीही जेवणानंतरची रक्तशर्करा चढलेलीच असते. एका वेळी किती भाकरी, असे विचारले की उत्तर मिळते, "तीन, कधी चार." भाकरी खा, हे आपण सांगितले, किती खा, हे सांगावयाचे राहिले. हा दोष रुग्णाचा नव्हे, आपला आहे.

शास्त्रदृष्टी

चरकसंहितेच्या निदानस्थानातील चौथ्या अध्यायात प्रमेहाच्या हेतूंमध्ये नवधान्य, पिष्टान्न आणि इक्षुविकार यांचा उल्लेख आहे. चिकित्सास्थानाच्या सहाव्या अध्यायात आहारात यवाला अग्रस्थान असले, तरी जुन्या शालींनाही तेथे स्थान आहे. म्हणजे भात मुळातच निषिद्ध नाही. नवे, गुरू आणि अतिमात्र अन्न त्याज्य आहे. त्याच अध्यायात स्थूल व कृश प्रमेही असा भेद केला आहे. रूक्ष यवाचा आग्रह कृश, वातप्रधान रुग्णास धरणे म्हणूनच अयोग्य ठरते.

आधुनिक आधार

टोरांटो येथील डॉ. डेव्हिड जेनकिन्स व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ग्लायसेमिक निर्देशांकाची कल्पना मांडली. २००२ च्या आंतरराष्ट्रीय कोष्टकात शिजविलेल्या सातूचा निर्देशांक सुमारे २५, तर ज्वारीच्या भाकरीचा सुमारे ७७ दिला आहे. अंतराचे कारण केवळ धान्यात नाही. सातूतील विद्राव्य तंतू पचन मंदावतात. शिवाय तेथे दाणा शिजविलेला आहे, भाकरीत त्याचे पीठ झालेले आहे. पीठ जितके बारीक, तितका स्टार्च लवकर पचतो. म्हणून सातूच्या कण्या आणि जाडसर दळण श्रेयस्कर. सातू म्हणजे जव. गूळ घालून पितात ते सातूचे पीठ येथे अभिप्रेत नाही.

व्यवहारातील माप

साठ ग्रॅम पिठाच्या एका भाकरीतून सुमारे चाळीस ग्रॅम कर्बोदके मिळतात. तीन भाकरींचा हिशेब रुग्णासमोर मांडला की त्याला फार समजावावे लागत नाही. बैठे काम करणाऱ्यास आम्ही एका वेळी एक मध्यम भाकरी किंवा तिच्याऐवजी वाटीभर जुन्या तांदळाचा भात, सोबत मटकी वा हुलग्याची उसळ आणि दुप्पट पालेभाजी सुचवितो. दिवसभर शेतात राबणाऱ्यास हे माप वाढवावे लागते. मूत्रपिंड बिघडलेल्या रुग्णाची डाळ-उसळ मात्र तपासण्या पाहूनच ठरवावी.

एकादशीचा प्रश्न वेगळा आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च; खिचडीपेक्षा थोडी भगर आणि ताक बरे. याहून मोठा धोका म्हणजे ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू ठेवून उपवास करणे. घाम, कंप, भ्रम ही रक्तशर्करा घसरल्याची लक्षणे होत. अशा वेळी रुग्ण शुद्धीवर असल्यास ताबडतोब साखरपाणी द्यावे. शुद्ध हरपली असल्यास तोंडावाटे काहीही न देता रुग्णालयात हलवावे. आहारातील धान्य कमी करतानाही हाच धोका संभवतो. औषध देणाऱ्या चिकित्सकास आधी कळविल्याविना तसा बदल करू नये.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाल्यापासून भरडधान्यांच्या नावाची बिस्किटे व झटपट पदार्थ दुकानांत वाढले आहेत. पुडीवरील घटकांची यादी वाचून, त्यात मैदा, साखर वा माल्टोडेक्स्ट्रिन आहे काय, हे ग्राहकास दाखवून द्यावे. "शुगरफ्री" म्हणजे स्टार्चमुक्त नव्हे, हेही सांगावे.

उपसंहार

रुग्णाने नेहमीचे जेवण घ्यावे, पहिल्या घासापासून दोन तासांनी रक्तशर्करा तपासावी, आणि पुढे एक भाकरी कमी करून तीच तपासणी पुन्हा करावी. हे दोन आकडे शेजारी ठेवले की पथ्य रुग्णास आपोआप पटते. अग्नी, श्रम आणि चालू औषधे पाहून मात्रा ठरविणे, हेच आपले काम आहे.